आषाढात दाखवलेलं घर

विकायला काढलेलं घर आषाढ-श्रावणात दाखवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. बाजाराची रीत नेमकी उलट आहे. पावसाळ्यात भिंती ओल धरतात, जिन्यात चिखलाचे पाय उमटतात, उजेड कमी असतो. म्हणून एजंट सांगतात, नवरात्रापर्यंत थांबा. पाऊस गेला की भिंती वाळतील, रंगाचा एक हात मारून घेऊ, दसऱ्याच्या मुहूर्तावर गिऱ्हाईक आपणहून येईल. आमच्या कोथरूडच्या घरासाठीही हाच सल्ला मिळाला. सल्ला देणारा मुलगा कष्टाळू होता आणि त्याच्या धंद्याच्या हिशेबाने बरोबरच बोलत होता. पण आईला ते पटलं नाही, आणि मलाही.

घर तिसऱ्या मजल्यावरचं, वर थेट गच्ची. 1980 नंतर कोथरूडमधली शेतं आणि मोकळी रानं जाऊन ज्या सोसायट्या उभ्या राहिल्या, त्यातली ही एक. खाली पार्किंग, वर तीन मजले, लिफ्ट नाही. बाबांनी पीएफमधले पैसे काढून, वर ऑफिसच्या पतपेढीचं कर्ज घेऊन ते घेतलं. मोझॅकची फरशी, कडप्प्याचा ओटा, लोखंडी चौकटीच्या खिडक्या. आणि आतल्या खोलीची पश्चिमेकडची भिंत, जिला दर पावसाळ्यात ओल येते.

पुण्यातला पाऊस पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर येतो, त्यामुळे सपकारे त्याच बाजूच्या भिंतींवर बसतात. बाहेरच्या गिलाव्याला बारीकशी चीर असली तरी पाण्याला आत शिरायला तेवढी पुरते. विटांमधले आणि सिमेंटमधले क्षार त्या पाण्यात विरघळतात, पाण्याबरोबर आतल्या बाजूला सरकतात. पाणी हवेत उडून जातं, क्षार तिथेच राहतात, रंगाखाली साचतात आणि रंगाला ढकलून बाहेर काढतात. भिंतीला लोणा लागतो तो असा. पांढरी भुकटी दिसायला लागते, पोपडे धरतात, बोट लावलं तर खपली हातात येते. वरून पुट्टी भरून रंग दिला तर एक हिवाळा आणि एक उन्हाळा ती भिंत नव्यासारखी दिसते. पुढच्या जुलैत सगळं पुन्हा वर येतं. तोवर व्यवहार झालेला असतो, किल्ल्या दिलेल्या असतात, आणि त्याच भिंतीला नवं कपाट टेकवून संसार मांडलेल्या बाईला कपड्यांना कुबट वास का येतो, ते उमगत नसतं.

मी याला फसवणूक म्हणते, आणि कायद्याचं म्हणणंही फार वेगळं नाही. मालमत्ता हस्तांतरणाचा आपला कायदा 1882 चा. त्याच्या कलम 55 मध्ये विकणाऱ्याची जी कर्तव्यं सांगितली आहेत, त्यांची सुरुवातच इथून होते: करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर, मालमत्तेतला जो मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे पण घेणाऱ्याला नेहमीच्या काळजीने पाहूनही कळण्यासारखा नाही, तो त्याने उघड केलाच पाहिजे. तो दडवणं हे कपट मानलं जातं. नवं घर बिल्डरकडून घेतलं तर 2016 च्या रेरा कायद्याने ताबा मिळाल्यापासून पाच वर्षं बांधकामातले दोष बिल्डरला दुरुस्त करून द्यावे लागतात. आपल्यासारख्यांनी एकमेकांना विकलेल्या जुन्या घराला असं काही कवच नाही. तिथे घेणाऱ्याच्या हातात दोनच गोष्टी असतात, त्याचे डोळे आणि आपला शब्द. डोळ्यांना दिसेल ते आपणच रंगवून टाकलं, तर मग उरलं काय?

तेव्हा आईने ठरवलं, भिंत आहे तशी दाखवायची. सुरुवातीला आलेल्यांत एक तरुण जोडपं होतं, बरोबर मुलीचे सासरे. हॉल झाला, स्वयंपाकघर झालं, आणि आतल्या खोलीत शिरताच आई म्हणाली, "ही भिंत नीट बघून घ्या हं. हिला ओल येते. गच्चीचं काम सोसायटीने केलंय, वर पत्रे घातलेत, तिथून आता थेंब येत नाही. पण ही बाहेरची भिंत. हिला आतून कितीही करा, उपयोग नाही. परांची बांधून बाहेरून करावं लागतं." एजंट दारात उभा होता, त्याचा चेहरा पडला. मुलीने पुढे होऊन भिंतीला पालथा हात लावला, तापलेल्या कपाळाला आपण लावतो तसा, आणि थोडा वेळ तसाच ठेवला. मग विचारलं, "काकू, तुम्ही केलं होतं का कधी?" आई म्हणाली, "ह्यांनी दोनदा करून घेतलं. काही वर्षं चांगलं राहतं. ह्यांच्यानंतर राहूनच गेलं." सासऱ्यांनी खिडकीतून वाकून बाहेरची बाजू पाहिली. खाली उतरताना ते आईला म्हणाले, "बरं झालं सांगितलंत." त्यांनी घर घेतलं नाही. तीन मजले रोज चढणं त्यांच्या घरात कोणाला तरी जमणार नव्हतं, आणि हेही त्यांनी फोन करून कळवलं. असं कळवणारी माणसं फार थोडी असतात.

घर दाखवण्याआधी काही करायचंच नाही, असं माझं म्हणणं नाही. करण्यासारखं पुष्कळ असतं, आणि त्यातलं बरंचसं आपण स्वतःसाठी वर्षानुवर्षं केलेलं नसतं. ठिबकणाऱ्या नळाचा वायसर. न्हाणीघराच्या दाराची पावसात फुगणारी फळी. दोनदा दाबल्याशिवाय न लागणारं बटण. पिवळी पडलेली ट्यूब. गंजलेल्या बिजागऱ्यांना तेल. माझ्या भावाने एका शनिवार-रविवारी हे सगळं उरकलं, आणि संध्याकाळी खिडकी एका हाताने उघडल्यावर आई त्याला म्हणाली, "हे आधी केलं असतंस तर मी नसती उघडली चार दिवस?" बोलणं खरं होतं. परक्या माणसासाठी घर नीट करताना आपली माणसं कशाकशात भागवून नेत होती, ते दिसतं. ज्यांचे आई-वडील जुन्या घरात एकटे राहतात त्यांना माझं सांगणं आहे, घर विकायचं नसलं तरी एकदा गिऱ्हाइकाच्या नजरेने ते बघून या.

पितृपंधरवड्यात घर बघायला कोणी येत नाही. पुण्यात तरी नाहीच. एजंटचा फोनही शांत असतो. तो पंधरवडा आम्ही माळ्यासाठी राखून ठेवला.

माळा हा जुन्या फ्लॅटमधला सर्वांत कठीण भाग. आमच्या माळ्यावर तांब्याचा बंब होता. गॅसचा गीझर आल्यापासून तो पेटला नव्हता, पण वर जाण्याआधी आईने तो चिंचेने घासून, जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवला होता. त्याच्या शेजारी हंडा आणि कळशी, लग्नाच्या पंगतींचे शिसवी पाट, पुरणयंत्र, शेवेचा सोऱ्या, फराळाचे मोठे डबे, दिवाळी अंकांचे सुतळीने बांधलेले गठ्ठे, आणि बाबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत वर्षावर्षाच्या पाकिटांत घातलेली वीजबिलं. गिऱ्हाइकाला माळा रिकामा दिसला पाहिजे हे एजंटचं म्हणणं योग्यच होतं. भरलेल्या माळ्याखाली उभं राहून तो किती खोल आहे हे कोणाला कळणार? पण माळा रिकामा करायचा म्हणजे प्रत्येक वस्तूपाशी थांबायचं. एवढा वेळ लागेल याची तयारी ठेवावी आणि त्या दिवसांत दुसरं काही काम काढू नये.

दिवाळी अंक जवळच्या वाचनालयाने घेतले, सगळे नाही, निवडून. पाट भावाने नेले. पितळेची बरीच भांडी मोडीत गेली. तांबट आळीतून आलेल्या ओळखीच्या माणसाने बंब उचलून पाहिला, आतून हात फिरवला आणि म्हणाला, "मावशी, हा मोडीत घालू नका. असा जाड पत्रा आता मिळत नाही." आईने तो त्यालाच दिला, पण तोडायचा नाही या बोलीवर. तो वजनाचा भाव देऊ लागला तेव्हा तिने घासाघीस केली आणि भाव थोडा चढवून घेतला. मला बरं वाटलं. वस्तू फुकट देऊन टाकली तर जाताना तिची किंमत कोणी करत नाही.

दोन गोष्टींवरून आमचं आणि एजंटचं जमेना. एक, हॉलमधला बाबांचा हार घातलेला फोटो. तो म्हणाला, "ताई, काढून ठेवा. गेलेल्या माणसाचा फोटो दिसला की लोक बिचकतात." मला राग आला. आईला आला नाही. ती म्हणाली, "बरोबर आहे त्याचं. आलेल्या माणसाला आपल्या घरात कानकोंडं कशाला करायचं?" आणि तिने फोटो आपल्या खोलीत, पलंगाच्या उशाकडे लावला. दुसरी गोष्ट देव्हाऱ्याची. लोक आता हातात फोन धरून, त्यातलं होकायंत्र उघडूनच घरात शिरतात. देव ईशान्येला हवेत, ओटा आग्नेयेला हवा, दार दक्षिणेला नको. आमचा देव्हारा स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात, आणि तो कोनाडा ईशान्येला नाही. एजंटचा विचार होता की गिऱ्हाईक येईल तेवढ्यापुरता तो हॉलच्या कोपऱ्यात हलवावा. यावर आई ठाम नाही म्हणाली. "देव आहेत तिथेच राहतील. ज्यांना दुसरीकडे हवेत ते त्यांचे त्यांचे मांडतील." मला यात आईचा हट्ट दिसत नाही. माणसाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून फोटो हलवणं हे आतिथ्य. आणि घराची दिशा आहे त्यापेक्षा वेगळी भासावी म्हणून देव हलवणं ही बतावणी. या दोहोंतला फरक तिने कुठल्याही पुस्तकाशिवाय ओळखला.

माझी एक मामेबहीण न्यू जर्सीत असते. तिने तिथलं घर विकलं तेव्हा तिच्याकडेही असंच झालं. घरच्यांचे फोटो भिंतीवरून उतरवा, देवाचं कपाट बंद करून त्यावर कापड घाला, लोक बघायला येणार त्याच्या आदल्या दिवसापासून फोडणी नको. घर कोणाचंच नाही असं दिसलं पाहिजे, म्हणजे बघणाऱ्याला ते आपलं वाटतं, असा तिथला विचार. ते ऐकून तिला वाईट वाटलं होतं, मलाही वाटलं. पण तिनेच पुढे सांगितलेली गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. 1978 च्या आधी बांधलेलं घर असेल तर त्यात शिशाचा रंग असल्याचं जे काही ठाऊक असेल ते घेणाऱ्याला लेखी कळवावं लागतं. सगळ्या अमेरिकेला तसा कायदा लागू आहे. छप्पर, तळघरातलं पाणी, वाळवी यांविषयीही पुष्कळ राज्यांत छापील फॉर्म भरून द्यायचे असतात. म्हणजे तिकडे सजावट आली ती या कबुलीच्या जोडीने. आपल्या एजंटांनी तिथली सजावट तेवढी उचलली. फॉर्म तिथेच राहिला. तो इकडे आला पाहिजे, अगदी एका पानाचा का असेना.

रविवारी सकाळी माणसं यायची. आई सगळ्यांना चहा विचारायची. एजंट सुरुवातीला "काकू, नको, उशीर होतो" म्हणायचा, नंतर त्याचाही कप ओट्यावर ठरलेला असायचा. प्रश्न साधारण तेच. पाणी किती वेळ येतं? मेंटेनन्स किती? वनाझचं मेट्रो स्टेशन चालत किती लांब? 6 मार्च 2022 ला वनाझ ते गरवारे कॉलेज गाडी सुरू झाल्यापासून हा प्रश्न कोथरूडच्या प्रत्येक घराला विचारला जातो. इमारत रीडेव्हलपमेंटला जाणार का? यावर आमचं उत्तर ठरलेलं होतं: सोसायटीत बोलणी चालू आहेत, कागदावर काही नाही. "लवकरच जाणार" असं म्हटलं तर भाव चढतो, हे आम्हालाही कळत होतं. पण ते खरं नव्हतं.

पार्किंगचंही तसंच. आमची गाडी इतकी वर्षं एकाच खांबापाशी लागते, तेव्हा ती जागा आमचीच असं आम्ही धरून चाललो होतो. पण इमारतीखालच्या खांबांमधली जागा बिल्डरला स्वतंत्र म्हणून विकताच येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितलं आहे. ती सामाईक असते, वाटप सोसायटी करते. म्हणून आम्ही "पार्किंग आहे" एवढ्यावर न थांबता ती कशी मिळते तेही सांगितलं. बाल्कनी बाबांनी ग्रिल आणि काचा लावून खोलीत घेतली होती. नकाशात ती बाल्कनीच आहे. करारनाम्यात क्षेत्रफळ बिल्ट-अप लिहिलेलं आणि लोक विचारतात कार्पेट, म्हणून भावाने टेप धरून खोली न् खोली मोजली आणि बाल्कनी वेगळी दाखवून आकडे कागदावर लिहिले. मोजलेला आकडा सांगताना आवाज वेगळा लागतो. समोरच्यालाही तो ऐकू येतो.

कागद हाही घराचा दाखवायचा भाग आहे, आणि फरशी पुसण्याआधी त्याची धूळ झटकावी. मूळ करारनामा, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, महापालिकेचा भोगवट्याचा दाखला, मिळकतकराच्या पावत्या, सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र. आमच्याकडे एक गाठ होती. बाबांनी नॉमिनी म्हणून आईचं नाव दिलेलं, आणि सोसायटीनेही सर्टिफिकेट तिच्या नावावर केलेलं, त्यामुळे सगळं झालं असं आम्हाला वाटे. पण नॉमिनी मालक होत नाही. वारस म्हणून आम्हा भावंडांचे हिस्से होते. आम्ही दोघांनी दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्र नोंदवून दिलं, आणि ते घर दाखवायला काढण्याच्या आधी झालं म्हणून पुढचं सोपं गेलं. आई-वडिलांच्या घराच्या बाबतीत ही एवढी गोष्ट वेळेत करा. घर पसंत पडूनही केवळ एका सहीसाठी परत गेलेली गिऱ्हाइकं मी पाहिली आहेत.

ज्यांनी शेवटी घर घेतलं ते दोघेही शिक्षक. भर पावसात आले. छत्र्या बाहेर ठेवा म्हणण्याआधीच त्यांनी त्या जिन्यात उघडून ठेवल्या. भिंतीचं ऐकून ते दुसऱ्या खेपेला वॉटरप्रूफिंग करणाऱ्या ओळखीच्या माणसाला घेऊन आले. त्याने गच्चीवर जाऊन पॅरापिटच्या सांध्यात बोट घालून पाहिलं, बाहेरची चीर दाखवली, खर्च सांगितला. तेवढी रक्कम आम्ही किमतीतून कमी केली. रेंगाळणं नाही, मन मोडणं नाही. पाऊस पडत होता, भिंत समोर होती, आणि दोन्ही बाजूंना एकच गोष्ट दिसत होती. एजंटला त्याचं कमिशन वेळेत मिळालं. दसऱ्याची वाट बघावी लागली नाही याचं त्यालाही नवल वाटलं असावं.

ताबा देण्याच्या आधी आईने मला एक वहीचं पान घ्यायला लावलं आणि सांगत गेली, मी लिहीत गेले. पाण्याचा मुख्य कॉक न्हाणीघराच्या माळ्यावर आहे, तो उलटा फिरतो. पश्चिमेच्या खिडकीची आधी खालची कडी लावायची, मग वरची, नाहीतर पाणी आत येतं. गच्चीचा पाइप गणपतीच्या सुमारास पानांनी तुंबतो, वॉचमनला आठवण करावी लागते. मे महिन्यात दुपारनंतर आतली खोली तापते, तेव्हा झोपायला हॉल बरा. ओट्याच्या डाव्या कोपऱ्याला कडप्पा उडालाय, तिथे पाटा आपटू नये. दूध कोणाकडून, गॅसवाला कोण, प्लंबर कोण चांगला आणि कोण नुसता बोलतो. समोरच्या वहिनींकडे एक किल्ली ठेवलेली बरी, त्या कधीही घरी असतात.

घर विकणाऱ्या प्रत्येकाने असं एक पान लिहून किल्ल्यांबरोबर द्यावं. त्याला स्टॅम्प लागत नाही, वकील लागत नाही. मात्र ते घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारून लिहा, कारण त्यातल्या निम्म्या गोष्टी आपल्याला माहीतच नसतात.